१,८६,४४० रुपयांचा गोंद

आधी आकडा सांगतो, म्हणजे लाज एकदाची सांडून जाईल. फिल्म अ‍ॅडहेसिव्हचा रोल (पातळ थरात येणारा, भट्टीत तापवून पक्का होणारा गोंद) १,६२,८४० ला, आणि वर त्याच विक्रेत्याकडून 'स्पेशल' क्लीनर २३,६०० चा. दोन्ही जीएसटीसकट. पुण्याजवळ माझी शेड आहे, ड्रोनचे कार्बन फायबरचे पंख बनवतो. बारा वर्षं झाली या धंद्यात. तरीही.

नेहमीचा डीलर दहा आठवडे थांबा म्हणाला, ऑर्डर डोक्यावर होती, आणि तेव्हाच हा विक्रेता उगवला. 'मोठ्या प्रोजेक्टचा उरलेला माल, सीलपॅक.' पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

असा रोल उणे १८ अंशांत ठेवायचा असतो. खोका उघडला तर ड्राय आइसचा पत्ता नाही, डेटा लॉगर (वाटेतलं तापमान नोंदवणारं यंत्र) नाही, रोल माठातल्या पाण्याइतका गार. (लॉगरची नोंद मागा, नसेल तर सही करू नका.) पिशवी न फोडता मी तो खोलीच्या तापमानाला येऊ दिला, कारण थंड रोलवर दव धरतं. १९८८ साली अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाचं छप्पर हवेत उडालं, तेव्हा जुन्या जोडांच्या कमकुवतपणामागे असलं दवही निघालं होतं. म्हणजे एवढं सगळं मला माहीत होतं!

मग कागद सोलला. ताजी फिल्म ग्लोव्हला अशी धरते की सोडवून घ्यावी लागते. ही पापडासारखी कडक, चिकटायचं नावच नाही. शेडवरचा पोरगा म्हणाला, "दादा, ही वेगळीच लागतेय हाताला." मी म्हणालो, "एसी वाढलाय, कमी कर." तेच माझं वाक्य अजून रात्री झोपू देत नाही.

कूपन (चाचणीसाठी जोडलेले छोटे तुकडे) आधी तोडून बघायला हवे होते, मी पंखांबरोबरच भट्टीत टाकले. शिअर टेस्टला (जोड सरकवून तोडायची चाचणी) नेहमी २२ एमपीए (मेगापास्कल, ताकदीचं माप) येतो, या वेळी ७. अल्ट्रासाउंडमध्ये सगळं स्वच्छ. कमकुवत जोड त्यात दिसतच नाही. चार जोड्या भंगारात.

फोन केला तर हा म्हणतो, "तुमच्याकडे सिलिकॉन लागलंय, म्हणून गोंद धरत नाही." आणि मी मानलं! घासलेल्या पॅनेलवर पाणी सलग पसरलं होतं, कुठे थेंब धरला नव्हता, म्हणजे पॅनेल स्वच्छ होतं; पील प्लाय (जोडण्याआधी सोलून काढायचं कापड) बिनकोटिंगचा होता, म्हणजे त्यातूनही सिलिकॉन आलं नव्हतं. तरी पोराला झापलं, बिजागरीला स्प्रे मारलास म्हणून, आणि क्लीनर मागवला. डबा उघडल्यावर वास साध्या आयपीएचा (आयसोप्रोपिल अल्कोहोल). पुढे त्याच क्लीनरने टेबल पुसताना रोलचं लेबल ओलं होऊन सरकलं. खाली दुसरं लेबल, दोन वर्षं जुनी तारीख.

लॉट नंबर पैसे देण्याआधी थेट उत्पादक कंपनीला मेल करून विचारा. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाका; याचा रद्द झालेला निघाला, बघायला दोन मिनिटं लागली.

पोलिस म्हणाले, माल मिळाला ना, मग हे दिवाणी प्रकरण. सायबरवाले म्हणाले, माल हातात आलाय, आमच्यात बसत नाही. ग्राहक आयोगात गेलो तर, धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहकच नाही. प्रत्येक टेबलावर तोच प्रश्न, "गोंदाला एवढे पैसे?" तिसऱ्या खेपेला साहेबांनी अर्ज ठेवून घेतला, एफआयआर नाहीच. वर सांगितलं, "माल जपून ठेवा, लागेल."

ठेवलाय. उणे १८ वर. लाइट बिल मीच भरतोय.