अँटिबॉडींची शुद्धता तपासण्यासाठी साइज एक्स्क्लूजन कॉलम : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

संशोधनासाठी घेतलेल्या बहुतेक अँटिबॉडींच्या माहितीपत्रकावर शुद्धतेचा आकडा ठळकपणे छापलेला असतो, पण तो कोणत्या पद्धतीने काढला हे मात्र बारीक अक्षरांत शोधावे लागते. म्हणूनच आमच्या प्रयोगशाळेत आलेल्या प्रत्येक नव्या लॉटची तपासणी आम्ही एचपीएलसीवरील (द्रवातील घटक उच्च दाबाखाली वेगळे करणाऱ्या यंत्रावरील) साइज एक्स्क्लूजन कॉलमवर, म्हणजे रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या नळीवर, सुरू केली. ३०० अँगस्ट्रॉम छिद्रांचा, सिलिकावर आधारित असा हा कॉलम आता अनेक महिने नियमित वापरात आहे.

त्याचा सर्वांत मोठा उपयोग एका व्हायलने स्पष्ट केला. जेलवर (विजेच्या साहाय्याने प्रथिने वजनानुसार वेगळी करण्याच्या पद्धतीत) ती अँटिबॉडी निर्दोष दिसत होती : रिड्यूस केल्यानंतर, म्हणजे साखळ्यांमधील बंध तोडल्यानंतर, ५० आणि २५ किलोडाल्टनच्या (रेणूच्या वजनाचे एकक) आसपास हेवी आणि लाइट चेनचे, म्हणजे जड आणि हलक्या साखळ्यांचे, दोन स्वच्छ बँड, बाकी काही नाही. कॉलमवर मात्र एकट्या अँटिबॉडी रेणूच्या, १५० किलोडाल्टनच्या मुख्य पीकच्या (आलेखावरील शिखराच्या) आधीच एक रुंद उंचवटा आला. जेलसाठी एसडीएस (प्रथिने उलगडणारे डिटर्जंट) घालून उकळताना रेणूंचे सैल गठ्ठे सुटे होतात, त्यामुळे ते जेलवर दिसतच नाहीत. कॉलमवर मात्र नमुना मूळ स्थितीत धावतो आणि मोठे गठ्ठे आधी बाहेर पडतात. फ्लो सायटोमेट्री (अँटिबॉडीला चमकणारे लेबल लावून पेशी एकेक करून मोजण्याची पद्धत) करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे, कारण असे गठ्ठे पेशींवरील एफसी रिसेप्टरना (अँटिबॉडीचे शेपूट पकडणाऱ्या प्रथिनांना) एकट्या रेणूपेक्षा घट्ट चिकटतात आणि पार्श्वभूमीचा सिग्नल वाढवतात.

बीएसए (गायीच्या रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन) मिसळलेल्या अँटिबॉडीबाबत हा कॉलम अर्धेच काम करतो. २८० नॅनोमीटरवरील प्रकाशशोषणाच्या साध्या मोजणीत बीएसए आणि अँटिबॉडी एकत्रच मोजल्या जातात, तर इथे ६६ किलोडाल्टनचा बीएसए उशिरा, वेगळा निघतो. परंतु त्याचा डायमर (दोन रेणूंची जोडी) सुमारे १३० किलोडाल्टनचा असल्याने तो अँटिबॉडीच्या पीकमध्येच मिसळतो, आणि त्या पीकचे क्षेत्रफळ जसेच्या तसे ग्राह्य धरणे योग्य नाही. अँटिबॉडीला लेबल (रंगद्रव्यासारखी खूण) जोडण्यासाठी बीएसएविरहित लॉट मागवणेच श्रेयस्कर, असे माझे ठाम मत आहे. आयजीएम या आकाराने खूप मोठ्या अँटिबॉडी प्रकारासाठीही हा कॉलम मला उपयोगी वाटला नाही.

बफरमधील मीठ कमी पडले की काही अँटिबॉडी सिलिकाला चिकटून पीकला शेपटी फुटते. फॉस्फेट बफरमधील मीठ वाढवल्यावर बहुतेक वेळा ती आखडते. याहून फसवी गोष्ट म्हणजे गाळणी. नमुना ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढला की कॉलम सुरक्षित राहतो, पण सर्वांत मोठे गठ्ठे फिल्टरवरच अडकतात आणि आलेख खोटा सुंदर दिसतो. म्हणून गाळण्यापूर्वीच्या मोजलेल्या प्रथिनाच्या तुलनेत आलेखावर एकूण किती क्षेत्रफळ परत मिळाले, हे मी नेहमी तपासते. गार्ड कॉलम (मुख्य कॉलमच्या आधीची छोटी संरक्षक नळी) वेळच्या वेळी बदलला तर दाब स्थिर राहतो, हेही अनुभवास आले.

अँटिबॉडी योग्य प्रथिनालाच चिकटते की नाही, हे हा कॉलम सांगू शकत नाही. चुकीच्या प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडीसुद्धा त्यावर ९९ टक्के शुद्ध ठरू शकते. त्यामुळे कॉलमवर उत्तीर्ण झालेला लॉट आम्ही ज्यांतून ते जनुक काढून टाकले आहे अशा नॉकआउट पेशींवर, मूळ पेशींच्या शेजारी, त्याच ब्लॉटवर (जेलवरील प्रथिने पडद्यावर उतरवून अँटिबॉडीने तपासण्याची पद्धत) चालवतो, आणि नॉकआउटच्या लेनमध्ये बँड उरला तर तो लॉट परत पाठवतो.