रोज चार हजार भेटी, त्यातला एक माणूस

चार वर्षं मी शिलाई मशीनच्या दुरुस्तीवर ब्लॉग लिहिते आहे. टाका खालून का गुंततो, बॉबिन केस कधी बदलावी, पट्टा सैल पडला तर काय करावं, असले विषय. दिवसाला पन्नास-साठ जण यायचे. त्यातलं कुणीतरी ईमेल करायचं, मग मी मशीन उघडून फोटो काढायचे आणि उत्तर पाठवायचे. जाहिरातींचे पैसे मुंगीच्या पावलांनी जमायचे. डॉलरच्या खात्यात १०० डॉलर झाल्याशिवाय ॲडसेन्स, म्हणजे ब्लॉगवर जाहिराती लावून पैसे देणारी गूगलची सेवा, पैसे पाठवत नाही, आणि मला पहिल्यांदा तो आकडा गाठायला सव्वा वर्ष लागलं होतं.

मला जास्त वाचक हवे होते. त्यात मला तेव्हा काही वावगं वाटलं नाही, आजही वाटत नाही. जीव ओतून लिहिणाऱ्या प्रत्येकाला ते वाटतं, आणि नेमकं तेच हेरून माणसं गाठली जातात. मला गाठणाऱ्याचं नाव इथे लिहीत नाही. पद्धत मात्र बारीकसारीक सांगते, कारण याच पद्धतीने आज तुमच्यापैकी कुणाला तरी मेसेज येत असणार.

सुरुवात एका मोफत ऑनलाइन वर्गाने झाली. त्या माणसाला सगळे 'सर' म्हणत होते, मीही म्हणू लागले. सरांनी स्वतःच्या कमाईचे स्क्रीनशॉट दाखवले, एकामागून एक, डोळे दिपतील असे. कोपऱ्यात उलटं घड्याळ चाललं होतं: प्रवेशाला एवढी मिनिटं उरली, जागा फक्त दहा. वर्ग संपल्यावर त्यांनी मला वेगळा फोन केला. माझे तीन लेख त्यांनी खरोखर वाचले होते, निदान वरवर तरी. म्हणाले, "ताई, तुमचा माल अस्सल आहे, पण दुकान बोळात आहे. ते रस्त्यावर आणायचं काम माझं."

हे वाक्य माझ्या काळजाला भिडलं. चार वर्षांत माझ्या लिखाणाला कुणी 'अस्सल' म्हटलं नव्हतं.

ओव्हरलॉक मशीन घ्यायची म्हणून बाजूला ठेवलेले पैसे मी त्यांना दिले. त्यात तीन गोष्टी होत्या: शिकवणीचे व्हिडिओ, स्वतःचं डोमेन (साइटचा स्वतंत्र पत्ता), आणि 'गूगलवरून वाचक आणून देण्याची' सोय. पहिल्या पानावर आणण्याची हमीसुद्धा. गूगल स्वतःच लिहून ठेवतं की शोधात पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही. हे एक वाक्य मी आधी वाचलेलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं.

व्हिडिओंबद्दल फार सांगण्यासारखं नाही. जे कुठेही फुकट मिळतं तेच होतं, वर संगीत.

डोमेनचं मात्र नीट ऐका. माझा ब्लॉग तोपर्यंत ब्लॉगस्पॉटच्या फुकट पत्त्यावर होता. सर म्हणाले, "नोंदणी, होस्टिंग, ही तांत्रिक कटकट तुम्ही कशाला करता? मी माझ्या खात्यातून करून देतो." मला बरंच वाटलं. वर्डप्रेसवर नवी साइट उभी राहिली, जुने लेख तिकडे नेले गेले, आणि जुन्या पत्त्यावर येणारा माणूस आपोआप नव्या पत्त्यावर जाईल अशी व्यवस्था झाली. डोमेन कुणाच्या नावावर आणि कुणाच्या ईमेलवर नोंदवलं आहे, हे मी विचारलंच नाही. ब्लॉगचं नाव मी ठेवलेलं, लेख माझे, मग डोमेन माझंच, असं मी धरून चालले. कागदावर डोमेनचे मालक सर होते.

मग वाचक येऊ लागले. तिसऱ्या आठवड्यात दिवसाला चार हजार भेटी. सकाळी उठल्यावर आधी फोनवर ॲनालिटिक्स (साइटवर किती जण आले ते मोजणारी गूगलची सोय) उघडायचं, ही सवय लागली. रेघ सरळ वर चालली होती. ॲडसेन्समधली 'अंदाजे कमाई' एका महिन्यात तिथे पोहोचली जिथे मी आधी सव्वा वर्षाने पोहोचले होते. मी घरात सगळ्यांना दाखवलं.

त्याच काळात सरांनी मला एका ग्रुपमध्ये घेतलं. साठेक जण होते, सगळे ब्लॉग लिहिणारे. रोज सकाळी यादी यायची: आजच्या या दहा साइट, प्रत्येकीवर जा, दोन पानं उघडा, एका जाहिरातीवर क्लिक करा. 'एकमेकांना साथ देणं' असं त्याला म्हणायचे. मला पहिल्या दिवशीच ते खटकलं होतं, तरी मी ते केलं. तीन आठवडे केलं. जाहिरातदाराला प्रत्येक क्लिकचे पैसे मोजावे लागतात. वस्तू घ्यायची कुणाच्या मनात नसताना केलेली ती क्लिक म्हणजे कुठल्या तरी छोट्या धंदेवाल्याच्या खिशात घातलेला हात. माझी फसवणूक झाली हे खरं, पण त्या तीन आठवड्यांत माझ्या हातूनही फसवणूक झाली. ते वगळून ही हकीकत सांगणं मला प्रामाणिक वाटत नाही.

ब्लॉग लिहिणारी एक जुनी मैत्रीण आहे. मी तिला उत्साहाने आकडे सांगितले. तिने अभिनंदन करायच्या ऐवजी एकच विचारलं, "सर्च कन्सोल काय म्हणतंय?"

त्या रात्री मी दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी उघडल्या. सर्च कन्सोल ही गूगलचीच फुकट सोय. गूगलच्या शोधात तुमचं पान किती वेळा दिसलं आणि त्यावरून किती जण तुमच्याकडे आले, हे ती दाखवते. बाहेरून पाठवलेली खोटी गर्दी तिथे मोजली जात नाही. ॲनालिटिक्स म्हणत होतं, काल चार हजार एकशे भेटी. सर्च कन्सोल म्हणत होतं, काल गूगलवरून ३८ क्लिक. मला विकलेले वाचक तर 'गूगलवरून' येणार होते.

मग मी त्या चार हजारांत खोल शिरले. जवळजवळ सगळे 'डायरेक्ट' आलेले, म्हणजे कुठून आले त्याचा मागमूस नाही. सगळ्यांच्या स्क्रीनचं माप एकच. थांबण्याचा वेळ कुठे एक सेकंद, कुठे दोन. ॲनालिटिक्स ज्या भेटीला 'एंगेज्ड' म्हणतं तिला सहसा १० सेकंदांच्या वर थांबावं लागतं, किंवा दुसरं पान तरी उघडावं लागतं. पूर्वी माझ्या निम्म्याहून जास्त भेटी त्यात बसायच्या, आता शंभरात दोनही बसत नव्हत्या. रात्री तीन वाजता जेवढी गर्दी तेवढीच दुपारी तीनला. माणसं अशी येत नाहीत. माणसं झोपतात.

त्या सगळ्यात एक ओळ वेगळी होती. एक भेट, अकरा मिनिटांची, टाका खालून गुंतण्याच्या लेखावर. त्या लेखात मी लिहिलं आहे की खालच्या बाजूला दोऱ्याचा पुंजका झाला की सगळे बॉबिनला दोष देतात, पण बहुतेक वेळा चूक वरच्या दोऱ्याची असते. दोरा ओवताना प्रेशर फूट (कापड दाबून धरणारा पाय) खाली असेल तर टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, चकत्या मिटलेल्या राहतात आणि दोरा त्यांच्यामध्ये बसतच नाही. फूट वर उचला, मग ओवा. कुणीतरी हे वाचत अकरा मिनिटं थांबलं होतं. बहुतेक मशीन समोर होती आणि हात चालू होते. आणि दीड महिना झाला, मी त्या ईमेलच्या पेटीत डोकावलेही नव्हते. उघडली तेव्हा सात प्रश्न पडून होते.

दुसऱ्या दिवशी मी सरांना विचारलं. "धीर धरा ताई, गूगलला वेळ लागतो," एवढंच उत्तर. मी म्हटलं, मग हे चार हजार कोण? त्यावर मेसेज वाचल्याची खूण आली आणि संध्याकाळी मी ग्रुपबाहेर होते.

पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला ॲडसेन्सने अंदाजे कमाईतून अवैध ट्रॅफिकपोटी जवळजवळ सगळी रक्कम कापली. 'अंदाजे' या शब्दाचा अर्थ मला तेव्हा कळला: महिना संपल्यावर छाननी होते आणि मगच आकडा पक्का होतो. नऊ दिवसांनी ईमेल आला, खातं बंद. मी अपील केलं. क्लिकच्या ग्रुपसकट सगळं खरं लिहिलं. नकार आला. खात्यात आधीच्या खऱ्या वाचकांचे पैसे होते तेही गेले. अशा वेळी अडवलेली रक्कम शक्य तिथे जाहिरातदारांना परत केली जाते. ते योग्यच आहे, पण सव्वा वर्षाची कमाई जाताना बघणं सोपं नव्हतं. खातं असं बंद झालं की दुसरं काढायला साधारणपणे परवानगी नसते, म्हणजे तो दरवाजा मला बंदच झाला.

मग मी सरांकडे डोमेन मागितलं. आधी म्हणाले, "नोंदणी झाल्यावर ६० दिवस डोमेन हलवता येत नाही, नियम आहे." असा नियम खरोखर असतो, आणि म्हणूनच मी गप्प बसले. नंतर कळलं की तो एका नोंदणी कंपनीकडून दुसरीकडे नेण्याबद्दल आहे. त्याच कंपनीत माझं खातं काढून त्यात टाकायला सहसा त्याची आडकाठी येत नाही. अर्धं खरं सांगून वेळ काढायचा, ही या लोकांची खरी हातोटी. ६० दिवस सरल्यावर 'ट्रान्सफर फी' मागितली, पहिल्या रकमेपेक्षा मोठी. मी नोंदणी कंपनीला लिहिलं. त्यांनी सभ्यपणे कळवलं की नोंदीत ज्याचं नाव आहे तोच मालक, आम्ही काही करू शकत नाही.

त्या स्क्रीनशॉटबद्दल सांगायचं राहिलं. मैत्रिणीने मला संगणकावर बसवलं. माझंच कमाईचं पान, आकडा ७. तिने त्यावर राइट क्लिक करून 'इन्स्पेक्ट' उघडलं, आकड्याच्या जागी ७,००० लिहिलं, खिडकी बंद केली. पान अगदी खरं दिसत होतं. तेच बोधचिन्ह, तोच आलेख, आकडा सात हजार. मिनिटसुद्धा लागलं नाही. पान रिफ्रेश केल्यावर पुन्हा ७. आणि ते उलटं घड्याळ? त्या वर्गाची लिंक मी परत उघडली तेव्हा ते पहिल्यापासून सुरू झालं. जागा अजूनही दहाच होत्या.

म्हणून ज्यांना असा फोन आला आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. स्क्रीनशॉट मानू नका. स्क्रीन शेअर करून, तुमच्या डोळ्यांसमोर पान रिफ्रेश करून, सर्च कन्सोलमधलं सोळा महिन्यांचं चित्र दाखवायला सांगा. खरा शिकवणारा दोन मिनिटांत दाखवेल. त्याची कमाई ब्लॉगमधून येते की ब्लॉग शिकवण्यातून, हे सरळ विचारा. डोमेन स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलवर, स्वतः पैसे भरून घ्या. ते फॉर्म भरण्याइतकंच काम आहे. पासवर्ड कुणाला देऊ नका. काम करणाऱ्याला वेगळं खातं काढून द्या, म्हणजे ते काढूनही घेता येईल. अचानक गर्दी वाढली तर आनंदाच्या आधी शंका घ्या, आणि ती खोटी वाटली तर जाहिराती ताबडतोब काढून ठेवा. ॲडसेन्सला स्वतःहून कळवायची सोय असते. मी त्या रात्रीच कळवलं असतं तर कदाचित खातं वाचलं असतं. कदाचित. पण मी सकाळपर्यंत थांबले, मग आठवडाभर थांबले.

बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्या साइटवरून तुमच्याकडे येणाऱ्या लिंक, विकणारेही याच रांगेतले. शोधात वर चढण्यासाठी लिंक विकत घेणं गूगलच्या नियमांविरुद्ध आहे, आणि तसल्या लिंकांवर गूगलने २०१२ मध्ये शोधात केलेल्या 'पेंग्विन' नावाच्या बदलापासून कारवाई होत आली आहे. माझ्या पॅकेजमध्ये त्याही होत्या हे मला सर्च कन्सोलच्या लिंकांच्या यादीत दिसलं. जुगाराच्या आणि औषधांच्या साइटवरून शिलाई मशीनकडे बोट दाखवलेलं.

ब्लॉगस्पॉटचा जुना पत्ता माझ्याच खात्यात होता, तेवढं नशीब. तिथला रीडायरेक्ट मी काढून टाकला आणि सगळे जुने लेख जागेवर सापडले. नव्या साइटवर लिहिलेले अकरा लेख माझ्याकडे नव्हते. वेबवरची जुनी पानं जपून ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्यातले सहा मिळाले, पाच पुन्हा लिहिते आहे. सात ईमेलना उत्तरं दिली, उशिराबद्दल माफी मागून. दोघांनी कळवलं की तोवर त्यांनी मशीन विकली होती.

ते डोमेन अजून चालू आहे. त्यावर माझे लेख आहेत, माझे फोटो आहेत, त्यातल्या काहींत माझा अंगठाही दिसतो, आणि भोवती दुसऱ्या कुणाच्या तरी जाहिराती. कॉपीराइटची तक्रार मी गूगलकडे एकेका पानाची करते आहे. आतापर्यंत नऊ पानं शोधातून निघाली, अठ्ठावीस बाकी आहेत. तुम्हाला त्या पत्त्यावर दोरा ओवण्याचा लेख सापडला आणि तिथे दुरुस्तीसाठी आगाऊ पैसे मागणारा फॉर्म दिसला, तर तो मी ठेवलेला नाही. त्यात काही भरू नका.