ताण मोजणारं घड्याळ सुट्ट्यांभर हातात घालून बघितलं, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगते, हे घड्याळ मी पावलं मोजायला घेतलेलं नाही. मागच्या वर्षी सुट्ट्या संपल्या, सगळे आपापल्या घरी गेले आणि मी दोन दिवस पडून होते, मान आखडलेली, डोकं ठणकतंय, कुणी नुसतं "काय झालं" विचारलं तरी डोळ्यांत पाणी. तेव्हाच ठरवलं की पुढच्या वेळी काहीतरी करायचं. आता काहीतरी म्हणजे काय तर सुट्ट्या लागायच्या आधी ताण मोजणारं स्मार्टवॉच मागवलं, आणि एकटीसाठी कशाला म्हणून नवऱ्यालाही तेच घेतलं. कंपनीचं नाव टाकत नाही कारण तक्रारी बऱ्याच आहेत, आणि माझ्या माहितीप्रमाणे बहुतेक घड्याळं थोड्याफार फरकाने असंच मोजतात.

बरं, सणासुदीला ताण येतो हा काही आपला नाजूकपणा नाही हां. होम्स आणि राहे या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये ४३ घटनांची यादी काढली होती आणि प्रत्येकीला गुण दिले होते, जोडीदाराचा मृत्यू १००, लग्न ५०, आणि पार तळाला सुट्टी १३, ख्रिसमस १२ आणि किरकोळ कायदेभंग ११. म्हणजे पोलिसांनी सिग्नलला पकडण्यापेक्षा सुट्टी जड! हे वाचून मला जो आनंद झाला तो सांगता येत नाही.

घड्याळाचं काम असं चालतं. मागच्या बाजूला हिरवे लाइट असतात, रक्त हिरवा प्रकाश शोषतं, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला परत येणारा उजेड कमीजास्त होतो आणि त्यावरून दोन ठोक्यांमधलं अंतर कळतं. हे अंतर कधीच एकसारखं नसतं, नाडी मिनिटाला ६० असली तरी एक ठोका ९५० मिलिसेकंदांनी पडेल, पुढचा १०४० नी. माणूस निवांत असला की हा फरक जास्त असतो, ताणात असला की ठोके घड्याळाच्या काट्यासारखे एकसारखे पडायला लागतात. मला आधी उलटंच वाटायचं. तर या फरकावरून ते ० ते १०० असा आकडा काढतं, जेवढा मोठा तेवढा ताण. पहिले काही दिवस ते आपली नेहमीची पातळी शिकत असतं त्यामुळे ऐन गडबडीच्या आदल्या दिवशी घालून काही उपयोग नाही.

आता गंमत ऐका. पाहुणे आले त्याच्या दुसऱ्या रात्री मी, बहीण आणि जाऊबाई जुने फोटो काढून बसलो होतो, हसून हसून पोट दुखायला लागलं, आणि घड्याळात बघते तर ८४, लाल पट्टी, "ताण जास्त आहे". आणि दुसऱ्या दिवशी मामेसासऱ्यांनी सगळ्यांसमोर माझ्या नोकरीवरून जे ऐकवलं ते मी खाली मान घालून गप्प ऐकत बसले होते तेव्हा आकडा ३१, "तुम्ही निवांत आहात". निवांत! दातओठ खात होते मी. पण याला तसा दोष देता येत नाही, आनंदाने उडी मारली काय आणि राग आला काय, शरीर दोन्ही वेळेला ॲड्रेनॅलिन सोडतं आणि मनगटाला तेवढंच दिसतं. गप्प बसून गिळलेला राग त्याला दिसेलच असं नाही. कंपनीने मात्र फीचरचं नाव ठेवताना हा विचार करायला हवा होता, हे "ताण" मोजत नाही, शरीर किती चेकाळलंय ते मोजतं.

सगळ्यात डोक्यात गेलं ते नोटिफिकेशन. नणंदेशी बोलत असताना, म्हणजे आधीच शब्द तोलून बोलत असताना, मनगट गुरगुरतं आणि स्क्रीनवर "थोडा श्वास घ्या". तिने वाचलं पण ते. "वहिनी, माझ्यामुळे का?" आता काय उत्तर देणार? त्याच रात्री सेटिंगमध्ये जाऊन बंद केलं, तुम्हीही पहिल्याच दिवशी करा.

श्वासाचा व्यायाम मात्र खरंच चांगला आहे, वाईट एवढंच की तो मेनूत चार पायऱ्या आत दडवलाय. गोल मोठा होतो तेव्हा श्वास आत, लहान होतो तेव्हा बाहेर, साधारण मिनिटाला सहा श्वास पडतात. आत घेताना ठोके जरा भरभर पडतात आणि सोडताना संथ होतात हे मुळातच आपल्यात असतं, म्हणून सोडायला जास्त वेळ दिला की आतून खरोखर खाली बसल्यासारखं होतं. २०२३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी महिनाभर रोज पाच मिनिटं असाच एक प्रकार करून बघितला होता, नाकाने एक श्वास, त्यावर अजून एक छोटा, मग तोंडाने लांब सोडायचा, आणि त्यात मूड ध्यानापेक्षा जास्त सुधारला होता. हे करायला घड्याळ लागत नाही हे खरंय, पण "घड्याळ सांगतंय" म्हणून बाथरूमला कडी लावून पाच मिनिटं बसता येतं, नाहीतर एवढ्या घरात पाच मिनिटं कोण देतं आपल्याला.

झोपेचे आकडे पण कामाचे निघाले. माझी झोपेतली नाडी एरवी ६२-६३ असते, तीन रात्री लागोपाठ दीड-दोनला झोपल्यावर ७० झाली. मी सगळं खापर माणसांवर फोडत होते, पण चौथ्या दिवशी गप्पा अर्ध्यात टाकून अकराला झोपले आणि सकाळी तीच माणसं बऱ्यापैकी बरी वाटली.

बाकी बॅटरी सांगतात दहा दिवस, चोवीस तास मोजायला लावलं की चार. पट्ट्याखाली ओलं राहून खाज येते, हात धुतले की काढून पुसा. पट्टा सैल असला तर आकडे काहीच्या काही.

आता मुख्य गोष्ट. सगळ्यात गर्दीच्या दिवशी, घरात चौदा माणसं, मी रात्री ॲप उघडलं की आज तरी भयंकर काहीतरी दिसेल. दिवसभराची पट्टी राखाडी. रिकामी. मला वाटलं बिघडलं. मग मदतीच्या पानावर वाचलं तर हात हलत असेल तेव्हा हे मोजूच शकत नाही, मोजायला थोडं स्थिर बसावं लागतं. सकाळी सहा ते रात्री साडेअकरा, मध्ये फक्त दोन निळे ठिपके, ती बाथरूममधली पाच-पाच मिनिटं. मी काही बोलले नाही, नवऱ्याचा फोन घेतला, त्याचं ॲप उघडलं आणि दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवले. त्याची पट्टी सकाळपासून रात्रीपर्यंत सलग निळी, एकही खाच नाही, सोफ्यावरच्या माणसाचा डेटा किती स्वच्छ येतो बघा. तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला माझं बहुतेक बरोबर चालत नाहीये.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा तो आधीच उठला होता आणि दुपारपर्यंत त्याची पट्टी बऱ्यापैकी राखाडी झाली होती, मी तीनदा चेक केलं.

पाचपैकी तीन स्टार. परत करायची मुदत परवा संपली, ठेवून घेतलंय. घेणार असाल तर दोन घ्या.