पहिल्यांदाच ध्यानाला बसायचंय: एक दिवस झेन की दहा दिवस विपश्यना?

सोलापुरात ध्यानशिबिराचा विषय निघाला की पहिलं नाव विपश्यनेचं येतं. नात्यात, शेजारात, ऑफिसात कुणीतरी इगतपुरीच्या धम्मगिरीला जाऊन आलेलं असतं. झेन या जपानी वळणाच्या बौद्ध ध्यानाची ओळख तेवढी नाही. मग 'दहा दिवसांची रजा मिळत नाही, एक दिवसाचं झेन तरी करून बघू' असं बरेच जण ठरवतात. करून जरूर बघावं, फक्त ते विपश्यनेचं छोटं पाकीट समजून जाऊ नये. धम्मगिरीला शिकवतात त्या सत्यनारायण गोएंकांच्या विपश्यना परंपरेतही एक दिवसाची शिबिरं होतात, पण ती दहा दिवसांचं शिबिर पूर्ण केलेल्या जुन्या साधकांसाठीच असतात. म्हणून नवख्यापुढचा प्रश्न शीर्षकातलाच उरतो.

सगळ्यात मोठा फरक शिकवण्यात आहे. विपश्यनेत पहिल्या संध्याकाळपासून हात धरून नेलं जातं. सुरुवातीचे तीन-साडेतीन दिवस आनापान, म्हणजे नाकपुड्यांपाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर लक्ष. चौथ्या दिवशी विपश्यना दिली जाते आणि मग डोक्यापासून पायापर्यंत संवेदना पाहत जायचं. सूचना ध्वनिमुद्रित असतात, रोज संध्याकाळी प्रवचन होतं, आचार्यांना शंका विचारता येतात. झेनमध्ये सकाळी अर्धा तास बसायचं कसं, हात कुठे, डोळे कुठे हे दाखवतात. नंतर घंटा होते आणि शांतता सुरू. पुढच्या अर्ध्या तासात कुणी काही सांगत नाही. सांगणारा आवाज असला की ज्यांचं मन टिकतं, त्यांना ही शांतता दुपारपर्यंत जड होते. उलट सतत सूचना ऐकून कंटाळणाऱ्याला इथे मोकळं वाटतं.

झेन हा शब्द आपल्या 'ध्यान' शब्दाचाच प्रवास आहे: चीनमध्ये चान, जपानमध्ये झेन. पण पद्धत जपानी वळणाची आहे. बसण्याला झाझेन म्हणतात आणि एक दिवसाच्या बैठकीला झाझेनकाई. साधारण 25 ते 40 मिनिटांची एक बैठक, मग 5 ते 10 मिनिटं किनहिन म्हणजे सावकाश चालणं, पुन्हा बैठक. दिवसभरात अशा सहा ते आठ बैठका होतात. मध्ये जेवण, झाडलोट किंवा भाजी चिरण्यासारखं थोडं काम, गुरू असतील तर पाचेक मिनिटांची एकट्याची भेट. सोतो पंथात भिंतीकडे तोंड करून बसतात, रिन्झाईत खोलीच्या मध्याकडे. डोळे अर्धे उघडे, नजर समोर मीटभरावर खाली. विपश्यनेत डोळे मिटलेले असतात. नवख्याला झेनमध्ये बहुधा श्वास मोजायला सांगतात: एक ते दहा, पुन्हा एक. सतरावर पोचलात की समजायचं, मन मघाशीच उठून गेलं. चिडचिड न करता परत एकवर यायचं.

विपश्यनेचा दिवस पहाटे 4 ला सुरू होऊन रात्री साडेनऊला संपतो आणि त्यात दहा तासांच्या आसपास बसणं असतं. मौन दहाव्या दिवशी सुटतं, घरी जायला अकराव्याची सकाळ उजाडते. रजेच्या अर्जात बारा दिवस धरा.

आता गुडघ्यांकडे वळू, कारण एक दिवसाचं शिबिर बहुतेक तिथेच फसतं. पंगतीत मांडी घालून जेवणं वेगळं आणि अर्धा तास न हलता बसणं वेगळं. झेनमध्ये गोल उशी वापरतात, तिला झाफू म्हणतात: व्यास साधारण 35 सेंटिमीटर, उंची 15 ते 20. खाली चौकोनी गादी. उशीच्या पुढच्या एक तृतीयांश भागावरच बसायचं, म्हणजे कंबर किंचित पुढे झुकते आणि दोन्ही गुडघे खाली टेकतात. बूड आणि दोन गुडघे, या तीन टेकूंवर अंग तोललं की पाठीला ताठ राहायला कष्ट पडत नाहीत. पूर्ण उशीवर मागे रेलून बसलं की कंबर मागे कलते, पाठीला पोक येतो आणि तिसऱ्या बैठकीत खांदे भरून येतात. फोमची उशी घेऊ नका, ती दबते. गादीवाल्याकडून सावरीचा कापूस गच्च भरून गोल उशी शिवून घेता येते. तेही नको असेल तर आपली सोलापुरी चादर आहेच: एक चार पदरी घडी करून खाली अंथरायची, दुसरी घट्ट गुंडाळून वर बसायला. गुडघा तरीही अधांतरी राहत असेल तर त्याखाली टॉवेलची घडी सरकवा. पद्मासनाचा हट्ट नको. दोन्ही पावलं एकापुढे एक जमिनीवर ठेवली तरी चालतं, नाहीतर वज्रासनात पायांमध्ये उशी, नाहीतर सरळ खुर्ची. खुर्चीवर बसण्यात कमीपणा नाही, फक्त पाठ टेकवू नका.

पायाला मुंग्या येणं बहुतेक वेळा उशीची कड मांडीखाली रुतल्यामुळे असतं. थोडं पुढे सरका. गुडघ्यात टोचल्यासारखी तीक्ष्ण कळ आली तर सहन करू नका, नमस्कार करून आसन बदला. घंटा झाल्यावर झटकन उठू नका: बधिर पाऊल दुमडून घोटा मुरगळतो. झेनमध्ये मांडीवर एकावर एक ठेवलेल्या हातांच्या दोन्ही अंगठ्यांची टोकं एकमेकांना हलकेच टेकलेली असतात, त्यांच्याकडे लक्ष ठेवा. ती सुटली तर डुलकी लागली आहे, वर दाबली गेली तर जोर लावला जातोय.

शिबिराआधी चार आठवडे घरी रोज 15 मिनिटं बसा, शेवटच्या आठवड्यात 25. ही तयारी न करता गेलात तर दिवस दुखण्याशी झुंजण्यात जातो आणि झेन आपल्याला जमत नाही, असा चुकीचा निष्कर्ष निघतो. विपश्यनेत शरीराला रुळायला तीन दिवस मिळतात, पण चौथ्या दिवसापासून रोज तीनदा तासभर आसन न बदलण्याचा निश्चय असतो, हेही माहीत असू द्या.

जेवण आदल्या रात्रीपासून हलकं ठेवा. शेंगा चटणी आणि तेलासोबत कडक भाकरी खाऊन दुपारी दोनला बसलात तर झोप हमखास. विपश्यनेत दुपारनंतर जेवण नसतं, नव्या साधकांना संध्याकाळी चहा, चुरमुरे, फळ मिळतं. मधुमेह असेल तर अर्जातच लिहा. दोन्हीकडे चालू गोळ्या बंद करायच्या नाहीत. मानसिक आजाराचे उपचार सुरू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला, आणि तशात दहा दिवसांच्या मौनाला एकदम हात घालू नका.

खर्चाचं थोडक्यात: विपश्यना शिबिराला फी नाही, शिबिर पूर्ण केल्यावर इच्छा असेल तर दान. झेनच्या बैठकीला जागा-जेवणाचे पैसे बहुधा आधी भरावे लागतात.

आमचं मत असं: ध्यान म्हणजे काय हेच मुळापासून शिकायचं असेल आणि बारा दिवस मोकळे असतील, तर विपश्यना. श्वासावर थोडंफार बसता येतं, पण दिवसभर बसल्यावर आपलं काय होतं ते पाहायचंय, तर झेनचा एक दिवस. त्रिशरण-पंचशील घरात असणाऱ्यांना विपश्यनेची भाषा ओळखीची वाटेल. झेनमधलं जपानी उच्चारातलं पठण सुरुवातीला परकं वाटतं, पण तिथे नेहमी म्हटलं जाणारं सूत्र आपलंच प्रज्ञापारमिता हृदय आहे.

झेनसाठी पुण्यातली बैठक निवडलीत तर आदल्या दिवशीच निघा. सोलापूरहून सुटणारी सकाळची हुतात्मा एक्सप्रेस साडेदहाच्या सुमारास पुण्यात पोचते, तोवर आसनाची माहिती आणि पहिली बैठक होऊन गेलेली असते, आणि बैठक सुरू असताना दार उघडत नाहीत. झेनची बरेच दिवसांची निवासी साधना करायची असेल तर कोडाईकनालजवळ पेरुमलमलैला बोधी झेंडो हे झेन केंद्र आहे, 1996 पासून. घरबसल्या ऑनलाइन बैठकही चालते, पण एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात नको: पारा चाळिशीपार असताना दुपारी लाइट गेली की बसणं अशक्य होतं. जानेवारीत करणार असाल तर सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेचे दिवस टाळून तारीख घ्या.