घर, खिसा आणि रान: कुठली बॅटरी कशासाठी घ्यावी

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत किंवा महाद्वार रोडवर कुठल्याही दुकानात "चांगला उजेड पडणारी बॅटरी दाखवा" म्हटलं, की काउंटरवर चार-पाच खोकी येतात. एकावर २ किलोमीटर, दुसऱ्यावर १ लाख लुमेन, तिसऱ्यावर पाच मोड. किंमत दोनशेपासून दोन हजारांपर्यंत. बहुतेक जण दुकानातल्या भिंतीवर झोत मारून बघतात आणि ज्या बॅटरीचा गोल जास्त पांढरा दिसेल ती घेतात. माझं सांगणं उलट आहे. आधी सेल बघा, मग झोताचा आकार, आणि किती उजेड हे सगळ्यांत शेवटी. एलईडी वर्षानुवर्षं टिकतो. आधी जातो तो सेल, नाहीतर बटण, नाहीतर चार्जिंगची पिन. सेल काढून दुसरा घालता येत नसेल, तर सेल संपला त्या दिवशी बॅटरीही संपली.

खोक्यावरचे आकडे

लुमेन म्हणजे बॅटरीतून बाहेर पडणारा एकूण उजेड. घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ९०० लुमेन देतो, मोबाइलचा दिवा ५० च्या आसपास. चांगला एलईडी एका वॅटमागे १०० ते १५० लुमेन देतो. म्हणजे १ लाख लुमेनसाठी ७०० ते १००० वॅट लागतील, इस्त्रीला लागतात तेवढे. मुठीत मावणाऱ्या सेलमधून ते निघत नाहीत, त्यामुळे असा आकडा दिसला की खोकं परत द्यावं.

झोत किती लांब जाईल हे लुमेनवरून कळत नाही, कॅन्डेलावरून, म्हणजे झोताच्या तीव्रतेच्या मापावरून कळतं. हिशेब सोपा आहे: कॅन्डेलाचं वर्गमूळ काढायचं आणि दुप्पट करायचं, तेवढे मीटर. १०,००० कॅन्डेला म्हणजे २०० मीटर. पण त्या २०० मीटरवर पडणारा उजेड पाव लक्स, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. तिथं काहीतरी हललं एवढं समजेल, गवा आहे की कुणाची म्हैस सुटलीय हे समजणार नाही. ओळखायचं असेल तर अंतर निम्मं धरावं, तिथं उजेड चौपट असतो.

नावाजलेल्या परदेशी कंपन्या एएनएसआय एफएल-१ या मानकानं आकडे छापतात. त्यात लुमेन मोजतात ते बॅटरी लावल्यावर ३० सेकंद ते २ मिनिटांच्या दरम्यान, आणि 'किती तास चालते' हे मोजतात उजेड १० टक्क्यांवर उतरेपर्यंत. म्हणून '१००० लुमेन, ४ तास' यातले दोन्ही आकडे खरे असतात, पण १००० लुमेन चार तास मिळत नाहीत. स्वतः हिशेब करून बघा. ३५०० एमएएचच्या लिथियम सेलमध्ये १२.६ वॅट-तास वीज मावते. वॅटमागे १०० लुमेन धरले तर ३०० लुमेनवर चार तास, १००० लुमेनवर सव्वा तास. तोही बॅटरीनं तापून आपणहून उजेड कमी केला नाही तर.

घरासाठी

घरात लाईट गेल्यावर लागतो तो लांबचा झोत नव्हे, खोलीभर पसरणारा मंद उजेड. २० ते ५० लुमेनवर रात्रभर चालेल आणि बुडावर सरळ उभी राहील अशी बॅटरी घ्या. छताकडे तोंड करून ठेवली की अख्ख्या खोलीत जेवण वाढण्याइतका उजेड पडतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पूरपट्ट्यातल्या गावांत कित्येक दिवस लाईट नव्हती. अशा वेळी दोन तास झगझगीत उजेड देऊन झोपणारी बॅटरी काही कामाची नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडे निघाली, की ४३ फुटांच्या धोक्याची वाट न बघता घरातले सगळे सेल चार्ज करून ठेवावेत.

घरासाठी दुकानात तीन तऱ्हा मिळतात. पहिली म्हणजे मागून पिन बाहेर काढून थेट भिंतीतल्या सॉकेटला लावायची बॅटरी. स्वस्त, तीनशे ते सातशेच्या घरात. हिच्यात बहुधा ४ व्होल्टचा लेड-अॅसिड सेल असतो, आणि रिकामा राहिला की तो खराब होतो. प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो, मग कितीही चार्ज करा, पाच मिनिटांत उजेड मंद. दर दोन-तीन महिन्यांनी आठवणीनं चार्ज करणार असाल तरच ही घ्या. दुसरी गोष्ट यापेक्षा गंभीर आहे. यातल्या कित्येक स्वस्त बॅटऱ्यांत ट्रान्सफॉर्मर नसतो, त्यामुळे चार्जिंग चालू असताना आतल्या भागांचा थेट २३० व्होल्टशी संबंध असतो. सॉकेटला लावलेली असताना ती पेटवू नका, ओल्या हातानं धरू नका, लहान मुलांच्या हाती तर अजिबात देऊ नका.

दुसरी तऱ्हा साध्या पेन्सिल सेलवर चालणारी. सेल गावातल्या किराणा दुकानातही मिळतो, हा तिचा सगळ्यांत मोठा गुण. दोष एकच: अल्कलाइन सेल आत पडून राहिला की गळतो, पांढरी भुकटी येते आणि स्प्रिंग खाऊन टाकते. रोज वापर नसेल तर सेल बाहेर काढून शेजारी ठेवा, किंवा पडून राहिले तरी चार्ज फारसा न उतरणारे रिचार्जेबल निकेल सेल घाला. त्यांच्यात वर्षभरानंतरही बराचसा चार्ज शिल्लक असतो. घरात वयस्कर माणसं असतील तर मी हीच तऱ्हा सुचवेन. एकच बटण, एकच काम, आणि सेल संपला तर शेजारचं पोरगंही बदलून देतं.

तिसरी लिथियम सेलची. उजेड, वजन, टिकाऊपणा तिन्हींत ही पुढं आहे. तिच्यातली निवड रानाच्या आणि सेलच्या भागात येईल.

खिशासाठी

इथं फार विचार नको. १०० ते २०० लुमेन पुरे. टाइप-सी चार्जिंग आणि क्लिप हवी, बुडाला लोहचुंबक असेल तर उत्तम. शिरोली किंवा गोकुळ शिरगावला रात्रपाळी करणाऱ्यानं मशीनच्या पत्र्याला ती चिकटवली की दोन्ही हात मोकळे. रस्त्यात गाडी पंक्चर झाली तरी तेच. मोबाइल असताना वेगळी बॅटरी कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पण पावसात मोबाइल बाहेर काढणं आणि उरलेला चार्ज दिव्यात घालवणं, दोन्ही महागात पडतं. खिशासाठी ८००-१००० लुमेनची घेऊ नका. बटण चुकून दाबलं गेलं तर ती विजार जाळण्याइतकी तापते. घेतलीच असेल तर मागचं टोपण पाव आटा सैल करून ठेवा, बहुतेक धातूच्या बॅटऱ्यांत तेवढ्यानं वीज तुटते.

रानासाठी

कोल्हापूरकराला बॅटरीची खरी गरज असते ती रानात. कृषी पंपांची थ्री फेज लाईट आलटून-पालटून मिळायची, दिवसाच्या पाळीत ८ तास आणि रात्रीच्या पाळीत १० तास, हे सूत्र राज्यात वर्षानुवर्षं चाललं. दिवसा १० तास वीज द्या, या मागणीसाठी २०२२ च्या फेब्रुवारीत राजू शेट्टींनी कोल्हापुरात महावितरणच्या कार्यालयासमोर धरणं धरलं, ते उगाच नव्हतं. ज्याच्या वाट्याला रात्रीची पाळी येते त्याला उसात दारं धरायला, म्हणजे पाटाचं पाणी सरीसरीत वळवायला, अंधारातच जावं लागतं. तिथं पायाखाली पाचट, पाचटाखाली घोणस, आणि मण्यार तर रात्रीच फिरते. म्हणून रानाच्या बॅटरीवर शे-दोनशे रुपये वाचवू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

रानात कामं दोन आणि दोन्हींना उजेड वेगळा लागतो. पायाखालची सरी, पाट, बांध बघायला रुंद, एकसारखा उजेड हवा. १५० ते ३०० लुमेन भरपूर. लांबचा बांध, विहिरीचा काठ, उसाच्या कडेला उभं असलेलं जनावर बघायला अरुंद, लांब जाणारा झोत हवा. मोठ्या आरशाची लांब पल्ल्याची बॅटरी पायाशी मारली तर मधोमध डोळे दिपवणारा ठिपका पडतो आणि आजूबाजूला काळोख, आणि साप नेमका त्या काळोखात असतो. एकाच बॅटरीत दोन्ही बसवायला गेलं की दोन्ही अर्धवट राहतात. एकच घेणार असाल तर रुंद उजेडाची घ्या. दंश पायाला होतो, २०० मीटरवर नाही.

डोक्याला बांधायची बॅटरी की हातातली, हा पुढचा प्रश्न. एका हातात फावडं, दुसऱ्यानं माती ओढायची. मोटरीची स्टार्टर पेटी उघडायची तर दोन्ही हात लागतात. म्हणून डोक्याची बॅटरी हवीच. पण तिची एक खोट ध्यानात ठेवा. उजेड डोळ्यांजवळून निघतो, त्यामुळे वस्तूंच्या सावल्या आपल्याला दिसत नाहीत आणि जमीन सपाट भासते. खड्डा, ढेकूळ, वेटोळं, सगळं एकसारखं. तोच उजेड कमरेच्या उंचीवरून पडला की सावली लांब पडते आणि उंचसखलपणा उठून दिसतो. चालताना हातातली, काम करताना डोक्याची, हीच वाटणी बरी. पावसाळ्यात किडे तोंडावर येतात तेव्हा डोक्याची बॅटरी काढून पट्ट्यासह कमरेला बांधावी, काम तितकंच होतं. गगनबावडा, राधानगरीकडच्या धुक्यातही हेच करा. डोळ्यांजवळचा उजेड धुक्यावर आपटून परत डोळ्यांत येतो आणि समोर नुसती पांढरी भिंत दिसते.

उजेडाचा रंगही बघा. बाजारातल्या बहुतेक बॅटऱ्या ६५०० केल्विनच्या, निळसर पांढऱ्या. डोळ्याला त्या जास्त प्रखर वाटतात, पण त्या उजेडात सुकलेला पाला, ओली माती आणि घोणशीची खवलं एकाच राखाडी रंगात मिसळतात. ४००० ते ५००० केल्विनचा, सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात याचं माप) ९० च्या वरचा एलईडी मिळाला तर तपकिरी रंगाच्या छटा वेगळ्या दिसतात. लुमेन थोडे कमी मिळतात, ते सोडून द्यावेत. आणि बॅटरी कितीही चांगली असली तरी गुडघ्यापर्यंतचे गमबूट घातल्याशिवाय उसात उतरू नका.

आजरा-चंदगडकडे हत्ती, पन्हाळा-शाहूवाडी-राधानगरीकडे गवे. तिथं लांब झोताची दुसरी बॅटरी चैनीची वस्तू नव्हे. शंभर मीटरवरून डोळे चमकलेले दिसले की माघारी फिरायला वेळ मिळतो. मात्र लुकलुकणारा मोड जनावरावर मारू नका. बिथरलेला गवा कुठल्या दिशेनं धावेल हे कुणाला सांगता येत नाही. तो मोड आपल्याला रानात लागतच नाही. उलट अंधारात बटण दाबताना मध्येच तो येतो आणि घोटाळा होतो. दोन-तीनच मोडची, बंद करताना ज्या उजेडावर होती त्यावरच पुन्हा लागणारी बॅटरी सगळ्यांत बरी.

पाण्यापासून संरक्षणासाठी आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे चालतील, आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास पडली तरी चालेल. पाटात बॅटरी पडतेच, म्हणून रानासाठी ७ च्या खाली जाऊ नका. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण घट्ट बसतं का हे दुकानातच बघून घ्या.

सेल

रानाच्या दोन्ही बॅटऱ्या, जमलं तर घरातलीही, १८६५० या एकाच मापाच्या सेलवर चालणाऱ्या घ्या. १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी. हे माप जगभर चालतं, आणि एकीतला सेल संपला तर दुसरीतला घालता येतो. २१७०० हा त्याहून मोठा सेल जास्त टिकतो, पण आपल्याकडच्या दुकानांत तितक्या सहज मिळत नाही.

खोटे सेल भरपूर आहेत. चांगल्या कंपनीच्या १८६५० सेलची क्षमता साधारण ३५०० एमएएचपर्यंत असते. ९९०० छापलेलं दिसलं की ते खोटं. वजनही करून बघा, किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. खरा सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो, खोटा त्याहून बराच हलका. भारतात विकल्या जाणाऱ्या लिथियम सेलवर बीआयएसची खूण आणि 'आर'नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा, तोही शोधा. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल स्वस्तात मिळतात, ते घेऊ नका. आणखी एक बारीक गोष्ट: संरक्षण सर्किट असलेला सेल ६८-७० मिलिमीटर लांब असतो आणि काही बॅटऱ्यांत बसत नाही. बॅटरी सोबत घेऊनच सेल खरेदी करा.

हाताशी अडीच हजार असतील तर मी असं करीन: एक १८६५० ची डोक्याची, हजाराच्या आसपास, त्याच सेलची हातातली धातूची, तेवढ्याचीच, उरलेल्यात एक जादा सेल. घरासाठी पेन्सिल सेलची साधी बॅटरी नंतर घेता येते. हाताशी पाचशेच असतील तर रानासाठी पेन्सिल सेलवर चालणारी डोक्याची बॅटरी घ्या आणि लेड-अॅसिडची मोठी बॅटरी दुकानातच ठेवा. ती हातात भारदस्त वाटते, पण रात्री दोनला दारं धरताना तिच्यावर विसंबता येत नाही. जादा सेल नेताना प्लास्टिकच्या डबीत ठेवा. खिशात किल्ल्या आणि सुट्ट्या पैशांना त्याची दोन्ही टोकं टेकली तर शॉर्ट होऊन तो पेट घेऊ शकतो.