विहिरीवर सौर पंप की खांबावरची लाईट?

विहिरीला पाणी लागलं, आता मोटर कशावर चालवायची, या विचारात असलेल्यांसाठी हे लिहितोय. वडिलांच्या विहिरीवर लाईटची मोटर आहे, माझ्या वाटणीच्या विहिरीवर सौर पंप. दोन्ही रोज हाताळतो.

पैशाच्या बाजूने पाहिलं तर लाईट आज जड नाही. एप्रिल 2024 पासून 7.5 एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना बळीराजा मोफत वीज योजना लागू आहे, मार्च 2029 पर्यंत. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' या सरकारी योजनेत पंपाच्या किमतीतला आपला हिस्सा 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी 5 टक्के. पण तिथे एचपी जमिनीवर ठरतो: अडीच एकरापर्यंत 3, पाच एकरापर्यंत 5, त्यापुढे 7.5. पाणी खोल असेल तर एचपी जास्त लागतो, म्हणून हा हिशेब आधी करा.

धारेचं म्हणाल तर लाईटची मोटर लाईट आल्यापासून जाईपर्यंत सारखी ओढते. सौरची धार सकाळी बारीक, उन्हं चढली की जोरात. पावसाचा खंड आणि वर आभाळ भरलेलं, असे आठ दिवस आले की जीव टांगणीला लागतो.

तरीही मी सौरकडे वळलो ते रात्रपाळीमुळे. आमच्या फिडरवर, म्हणजे उपकेंद्रातून शेतांकडे येणाऱ्या लाईनवर, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री लाईट. पौषात बाराला लाईट यायची, दीडला डीपीवर (शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर) फ्यूज उडायचा, पहाटे चारला परत. तोवर बांधावर बॅटरी घेऊन बसायचं. ऑटो स्टार्टर लावून पाहिला. मोटर आपोआप सुरू झाली, पण दारं मोडायला, म्हणजे एका वाफ्याचं पाणी दुसऱ्यात वळवायला, कोणी नव्हतं, पाणी हरभऱ्यात शिरलं आणि दोन वाफे पिवळे पडले. रात्री दारे धरायला मजूर येत नाही. विहिरीत पाणी असूनही वडिलांकडे गहू दोनच एकर, कारण एका माणसाला रात्री तेवढाच झेपतो. शेताची वाढ पाण्यापेक्षा लाईटच्या वेळेने अडलेली मी पाहिली आहे. सौरवर दुपारी बायकोही दारे धरते, म्हणून गव्हाशेजारी भाजीपाला घेता आला.

सगळीकडे हेच लागू होईल असं नाही. सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मध्ये उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या फिडरला दिवसा वीज द्यायची आहे. तुमचा फिडर त्यात आला असेल तर लाईटचं पारडं बरंच जड होतं. शेजारच्या शेतकऱ्याला एवढंच विचारा: लाईट किती वाजता येते?

सौरमध्ये पाच वर्षं दुरुस्ती पुरवठादाराकडे असते. माझा कंट्रोलर, म्हणजे पॅनेलची वीज मोटरला देणारा डबा, बंद पडला तेव्हा बारा दिवस गेले. तेवढं सोसलं. वडिलांकडे गहू यंदाही दोनच एकर, माझ्याकडे तीन.