ई-ग्रामस्वराज ॲप: अनुदान दिसतं, घरपट्टी दिसत नाही

पाचपैकी साडेतीन तारे.

ग्रामपंचायतीला केंद्राकडून किती निधी आला आणि तो कशावर गेला, हे घरबसल्या बघायला हे ॲप उत्तम. 24 एप्रिल 2020 ला ते सुरू झालं. आर्थिक वर्ष, राज्य, जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत निवडली की पदाधिकारी, मंजूर कामं आणि आर्थिक प्रगती असे तीन भाग उघडतात. लॉगिन लागत नाही.

गफलत होते ती वर्ष निवडताना. काम 2022-23 च्या गाव विकास आराखड्यातलं आणि बिल निघालं 2023-24 मध्ये, तर एकच वर्ष बघणाऱ्याला वाटतं पैसे पडून आहेत. लागोपाठची दोन वर्षं उघडून बघा.

बंधित (ठरावीक कामांवरच खर्चता येणारा) आणि अबंधित (गरजेनुसार वापरता येणारा) निधी समजल्याशिवाय मात्र हे आकडे काहीच सांगत नाहीत. 15व्या वित्त आयोगाने 2021-26 साठी 60 टक्के निधी बंधित ठेवला: त्यातला निम्मा पाण्याला, निम्मा स्वच्छतेला. समजा, 10 लाख आले. त्यातले 6 लाख येतानाच बांधलेले. उरलेल्या 4 लाखांतूनही पगार आणि आस्थापना खर्च भागवता येत नाही. म्हणूनच गावात जलवाहिनी नवी दिसते आणि पाणी सोडणाऱ्याचा पगार थकलेला असतो. जलवाहिनी अनुदानातून होते, पगारातला ग्रामपंचायतीचा वाटा घरपट्टी-पाणीपट्टीतून. वसुली ढासळली की पहिला फटका त्या माणसाला बसतो, आणि हे फार वाईट आहे.

नेमकी हीच बाजू ॲपमध्ये नाही. घरपट्टीची मागणी, वसुली, थकबाकी बघायची तर ग्रामपंचायतीत नमुना 9 (कर मागणी नोंदवही) मागावा लागतो आणि वर्षाच्या जमाखर्चासाठी नमुना 3. हे दोन कागद शेजारी ठेवले तरच ॲपमधल्या आकड्यांचा अर्थ लागतो.

दुसरी उणीव म्हणजे शिल्लक दिसते, कारण दिसत नाही. सरपंच बदलले की नवी डिजिटल सही नोंदवून मंजूर होईपर्यंत बिलं अडतात. आराखड्यात नसलेल्या कामाचं बिलही निघत नाही. आधी पुरवणी आराखडा करावा लागतो. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही ठिकाणी नुसता अखर्चित निधीच दिसतो.

कामांची नावंही मोघम, ‘देखभाल दुरुस्ती’ छापाची. ग्रामसभेला जाताना कामाचं नाव, वर्ष आणि रक्कम लिहून न्या आणि त्याच कामाची मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मापांची वही) दाखवायला सांगा.